आवक क्रमांक दोनशे सतरा

उद्यान विभाग, दुसरा मजला,
जिन्यापासून तिसरं टेबल. तिथे मी बसतो.
माळ्यांच्या हजेऱ्या, शेणखताची बिलं,
गवत कापायच्या यंत्राचं डिझेल
आणि माहिती अधिकाराचे अर्ज,
सगळं एकाच कपाटात. कपाटाचं दार सुतळीने बांधलेलं.

अर्जदार: ठकूबाई हरेश्वर मढवी, घणसोली गाव.
दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, किंचित तिरका.
अक्षर नातीचं असावं, शाळेतलं, गोल.
सही मात्र तिची स्वतःची: ‘ठ’ एवढा मोठा
की बाकीचं नाव त्याच्या सावलीला बसलेलं.

सेक्टरातल्या उद्यानातलं करंजाचं झाड,
गणना क्रमांक चारशे अठरा,
कोणत्या तारखेला तोडलं.
कोणाच्या सहीने तोडलं.
लाकूड कुठे गेलं.
का तोडलं.

पहिल्या तिन्हींना मला सत्तावीस दिवस लागले.
तारीख ठेकेदाराच्या बिलात सापडली,
सही वाचता येईना म्हणून पदनाम लिहिलं,
लाकडाची पावती होती, वजनाची जागा कोरी.
चौथ्याला एक मिनिटही नाही:
‘का’ हे माहितीच्या व्याख्येत बसत नाही,
सबब उत्तर देता येत नाही.
हे वाक्य मला पाठ आहे.
घरी मुलीलाही एकदा म्हणून गेलो होतो,
ती आईबद्दल विचारत होती तेव्हा.

आणि कायद्यात हेही आहे
की अर्जदाराला कारण विचारू नये.
म्हणजे तिने मला विचारायचं नाही, मी तिला नाही.
मध्ये टेबल, टेबलावर काच,
काचेखाली कुठल्याशा खत कंपनीचं तीन वर्षांपूर्वीचं कॅलेंडर.

मग ती स्वतःच आली, अभिलेख पाहायला.
पहिला तास विनामूल्य, मी सांगितलं.
‘तास कनाला लागतोय,’ म्हणाली,
आणि चप्पल दाराबाहेर काढून आली,
देवळात येतात तशी, या कार्यालयात!
फाइल उघडली. वाचली नाही.
पानं उलटत उलटत नकाशावर थांबली,
वृक्षगणनेचा, निळ्या रेघांचा,
आणि त्यावर तळवा ठेवला.
ताप बघतात तसा.

ती गेल्यावर मी तो नकाशा नीट पाहिला.
अकरा वर्षं माझ्याच कपाटात होता.
सोनमोहर, बकूळ, पर्जन्यवृक्ष
पाच-पाच मीटरवर, शिस्तीत, कवायतीला उभे.
चारशे अठरा एकटंच ओळीबाहेर,
ना जॉगिंग ट्रॅकच्या कडेला, ना झोपाळ्यांच्या.
त्याच्यापासून एक पुसट तुटक रेघ खाडीकडे गेलेली,
जिचा खुलासा सूचीत नाही.
बांध असेल.
भाताचा, मिठागराचा, मला काय ठाऊक.
एवढंच कळलं की झाड उद्यानात लावलं नव्हतं,
उद्यान झाडाभोवती लावलं होतं.
हे कोणत्याही रकान्यात लिहिता येत नाही.

तिने त्या एकाच पानाची प्रत मागितली होती.
पानाला दोन रुपये. तिने पाचाचं नाणं दिलं.
सुटे नव्हते. ‘र्‍हाऊदे,’ म्हणाली,
पण शासनाच्या खात्यात राहू देता येत नाही काही,
आणि माझ्या खिशात तर नाहीच नाही.
तीन रुपये ड्रॉवरमध्ये, टाचण्यांच्या डबीत,
पंधरा दिवस वाजत राहिले.

आज तिचा नवा अर्ज आलाय.
त्या जागी कोणतं झाड लावणार,
ठराव असल्यास प्रत मिळावी.
ठराव नाही. तसं लिहिलं.
मग ‘नाही’च्या पुढे
‘आजपर्यंत’ हा शब्द घातला,
साहेबांनी न वाचता सही केली.

पाकिटात उत्तर ठेवलं आणि तिन्ही नाणी,
कागदात गुंडाळून, चिकटपट्टी लावून.
जावक टेबलावरच्या दळवींनी हातात तोललं:
यात काय आहे हो, जड लागतंय? का?

कारण विचारू नये, म्हटलं.
आणि तिकीट जास्तीचं लावा.