वर्षभर राहिलेला बडग्या

नथ्थूजी बारापात्रे, तांडापेठ,
आधी नऊवारी विणायचे.
त्यांच्या हातची एक साडी माझ्या आत्याने
सव्वीस वर्षं नेसली. मग तिची गोधडी झाली,
गोधडीचं पायपुसणं,
आणि काठ अजून दाराशी शाबूत आहे.

माग विकल्यावर ते बडग्ये करू लागले.
कमच्या, तणस, कणकेची खळ,
रद्दीत विजेची बिलं, लग्नपत्रिका,
माझे गणिताचे नापास पेपर.
दीड महिना खपायचे.
पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो गल्लीतून निघायचा,
संध्याकाळी नथ्थूजींच्या सदऱ्याला धुराचा वास.

नाकाचं काम माझ्याकडे होतं.
डोळे ते स्वतः काढायचे,
आदल्या रात्री, सगळी गल्ली झोपल्यावर.
एकदा विचारलं, वाईट नाही वाटत?
म्हणाले, "काहून वाटन?
साडीले कोन पायते पोरी, पायतात ते बाईले.
ह्याले सारं नागपूर
मान वर करून पायते."

मग ते साल आलं.
चौकाचौकात बांबू आडवे, मिरवणूक बंद.
ज्या रोगाचा बडग्या केला होता
त्याच रोगाने त्याला घरी बसवलं.
अकरा फूट, पोट पुढे,
डोळे आदल्या रात्रीच काढून झालेले.

पहिला आठवडा आम्ही त्याला भ्यालो.
दिवाळीला पोट्ट्यांनी त्याच्या तळहातावर पणती ठेवली,
नथ्थूजी धावत आले, फुंकून विझवली.
थंडीत त्याच्या पोटात मांजर व्याली.
उन्हाळ्यात शेजारच्या कूलरचे तुषार
डाव्या अंगावर उडत राहिले, तिथे बुरशी धरली,
आणि खांद्यावर काकू चादरी वाळत घालू लागल्या.
डोळे सगळ्यांत आधी उडाले.
येता-जाता कुणी मान वर करेना.
नथ्थूजी तर मागच्या दाराने जायचे.

चित्रकला महाविद्यालयातला एक मुलगा आला,
म्हणाला, बाबा, हा जपायला पाहिजे, काचेत ठेवू.
नथ्थूजींनी त्याला चहा पाजला.
कप खाली ठेवेपर्यंत बोलले नाहीत.
मग म्हणाले,
"जपाचं असतं तं विनलं असतं, बापा."

पुढच्या पोळ्याच्या रात्री माझ्या दारावर टकटक.
हातात दोन ब्रश, एका डबीत काळा.
"नाक तुह्यं."
मी नाक केलं, ते डोळे करत बसले.
या खेपेला डोळे वेगळे काढले, जरा खाली पाहणारे.
मी काही म्हटलं नाही.

पहाटे चौघांनी उचलला, मागच्या मोकळ्या जागेत नेला.
ढोल नाही, पोट्टे नाहीत.
घेऊन जा गे मारबत, नथ्थूजी म्हणाले,
कुणाला पत्ता विचारावा इतक्या हळू आवाजात.
मांजर दूर बसून पाहत होती.

नीट जळाला नाही.
कूलरची बाजू धुमसत राहिली.
चादरींचा खांदा शेवटपर्यंत उरला,
तो त्यांनी काठीने पाडला, मग हातानेच मोडून आत सारला,
जसा एखादा म्हातारा
दुसऱ्या म्हाताऱ्याला गाडीत चढवतो.

परतताना बुरडाच्या दुकानाशी थांबले.
कमच्यांचा भाव विचारला,
फार महाग आहेत म्हणाले, घेतल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी घेतल्या.