उलटा हात

मे महिन्यात साखर पेठेतल्या आमच्या पत्र्याखाली
चार्जरचं आणि माणसाचं तापमान एकच असतं.
कोण आजारी आहे ते पटकन कळत नाही.

मला वाटलं, वास शेजारच्या कारखान्यातून येतोय.
जळका, गोडसर,
मागाचा पट्टा घसरला की येतो तसा.
कॉलवर पुण्याच्या मॅडम म्हणत होत्या,
"रजिता, दावा क्रमांक एकोणपन्नास उघड,"
उघडायला गेले तर हार्ड डिस्क गायब,
माउस गायब,
मग मीच गायब.
काळ्या चौकोनात नुसतं माझं नाव.

हब होता सात तोंडांचा,
निळ्या दिव्यांचा, दीडशे रुपयांचा,
मंगळवार बाजारातल्या गाड्यावरचा.
चार्जरवर पासष्ट वॉट लिहिलेलं.
लिहायला काय,
लग्नपत्रिकेत सगळेच चिरंजीव असतात.

नायना दारात येऊन उभे.
सदतीस वर्षं जॉबर.
मागांच्या खडखडाटानं कान खाल्ले त्यांचे,
बोटं तेवढी ठेवली.
चार्जरला त्यांनी उलटा हात लावला.
"तळवा करंटला धरून बसतो," म्हणाले,
"उलटा हात सुटतो."
मग हब फिरवून फिरवून पाहिला, तोंडं मोजली.
"सात माग. आणि मोटर कुठाय?"
मी लॅपटॉपकडे बोट दाखवलं.
ते असे हसले
की समोरच्या ओट्यावरची इरम्मा
विडी वळायची थांबली.

रविवारी नवी पेठ.
महांतेशच्या काउंटरवर तीन चार्जर मांडलेले,
तिन्ही पांढरे, तिन्ही शहाण्या चेहऱ्याचे.
नायनांनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला,
टोक चार्जरच्या पाठीवर टेकवलं,
मूठ दातांत धरली
आणि डोळे मिटले.
बेअरिंग असंच ऐकायचे ते,
कान गेल्यापासून हाडानं.
गिऱ्हाइकं थांबली.
"काका, ते खायचं नसतंय की."
"हा ओरडतोय," नायना म्हणाले, पहिल्याला.
दुसऱ्यावर जरा जास्त वेळ. "हा गप्प आहे. हाच दे."
"काका, त्याचं बटण बंद आहे."

बटण चालू केल्यावर दुसराही कुरकुरला.

तिसरा त्यांनी आधी तळहातावर तोलला,
मग दातांनी ऐकला,
मग परत तोलला.
महांतेशनं मागचा बारीक नोंदणी नंबर मोबाईलवर टाकला,
कंपनीचं नाव जुळलं तेव्हा
त्यालाच जरा आश्चर्य वाटल्यासारखं झालं.
हब चार तोंडांचाच घेतला,
पण स्वतःचा अडॅप्टर असलेला, भिंतीतून जेवणारा.
"गॅरंटी?"
"बिलावर वर्षाची, ताई.
पत्र्याखाली ठेवणार असाल तर सिद्धेश्वराची."
दोन्ही मिळून चार हजारांना चाळीस कमी.
मी पैसे मोजले, नायना तिकडे बघत राहिले,
रस्त्यावर, जिथं बघण्यासारखं काही नव्हतं.

घरी आल्यावर त्यांनी दोन्हींच्या पोटावर
मार्करनं तारीख घातली.
बेअरिंग बदललं की घालायचे.
"मशीन विसरतं कधी बसवलं ते.
माणूसही विसरतो. तारीख विसरत नाही."
जुन्या चार्जरची वायर कापून
त्यांनी कपडे वाळत घालायची दोरी लांबवली.

तिसरा आठवडा आहे.
मॅडम विचारतात, मागे आवाज कसला?
माग, मी सांगते.
म्यूट कर, त्या सांगतात.
रोज दुपारी चारला, कॉल चालू असो नसो,
नायना येतात, उलटा हात लावतात, जातात.

परवा मला कणकण होती.
डोळे चुरचुरत होते, बोटं चुकीची अक्षरं दाबत होती.
चार वाजता नायना आले.
चार्जरला हात लावला,
"बरा आहे," म्हणाले,
आणि गेले.