सत्तेचाळीस ब

कॉलरच्या आत, मानेला घासेल अशा जागी
काळ्या शाईनं माझा नंबर आहे: ४७ ब.
एप्रन पिवळा पडत गेला,
नंबर तेवढा पहिल्या दिवसासारखा ठणठणीत.

अंबाजोगाईच्या आमच्या नर्सिंग होस्टेलात
कपडे धुवायच्या दोन मशिनी आहेत.
एक बंद आहे.
दुसरी बंद पडायच्या विचारात.
टोकन चाळीस रुपयांचं,
ते रेक्टर मॅडमच्या टेबलावर, बिस्किटाच्या डब्यात,
मंगळवार-शुक्रवार, चार ते पाच.
चार ते पाच आम्ही वॉर्डात असतो.

चाळीस रुपयांत मी
लोह्याहून कंधारला जाऊन परत येते,
बाईमाणसाच्या अर्ध्या तिकिटात,
वर स्टँडवरचा चहा.
इथं चाळीस रुपयांत
बेटाडीनचा डाग बाहीवरून पाठीवर जातो.

पाणी बोअरचं. जड.
साबण त्याला बुजतो,
फेस धरत नाही, नुसता साका धरतो,
नळाच्या तोंडाला चुन्याची दाढी आलीय.
मशीन गरगर फिरते, कण्हते,
आणि काचेवर लाल आकडा ७ आला
की तिथंच बसते.
सात मिनिटं बाकी. तासभर सातच मिनिटं बाकी.
आम्ही तिच्यापुढं मांडी घालून औषधं पाठ करतो:
डिगॉक्सिन देण्याआधी नाडी मोजावी,
साठच्या खाली असेल तर देऊ नये.
सुमय्या मशिनीवर दोन बोटं ठेवते,
घड्याळ बघते,
म्हणते, हिला नका देऊ गं काही.

सकाळी रांगेत कुलथे सिस्टर कॉलर उलटून बघतात.
‘युनिफॉर्म अस्वच्छ. पन्नास.’
पावती मिळते, ती मात्र पांढरीशुभ्र.
म्हणजे मळवायचे चाळीस
आणि मळला म्हणून पन्नास.

तक्रारवहीत एकोणीस तक्रारी आहेत.
प्रत्येकीपुढं एकच शब्द: पाहिले.
कुणी, काय, कधी,
ते वहीला माहीत नाही.

मग एका रात्री आम्ही शिवकांताला विचारलं.
तिची माय गंगाखेडला नदीवर लोकांचे कपडे धुते,
हे तिनंच कधीतरी सांगितलेलं.
एप्रनमागं पंधरा रुपये देऊ, धुशील का?
किती सहज विचारलं आम्ही.
जसं कुणी पेन मागावं.

ती उशीचा अभ्रा घडी घालत होती.
घडी पुरी केली.
‘मायनं दगडावर आपटून आपटून माझी फी भरली.
मी इथं नाडी मोजायला आलेय.’
एवढंच.
त्या रात्री खोलीत पंखा तेवढा बोलत होता.

दोन दिवस गेले.
शुक्रवारी पहाटे पाचला दारावर थाप:
‘झोपायलात काय? या. एकदाच दाखवते.’
नळापाशी तिनं रात्रीच भरून ठेवलेली बादली.
‘पाणी निवळू द्यायचं. हलवायचं नाही.
वरचं वरचं घ्यायचं, खालचं सोडून द्यायचं.
आधी धुण्याचा सोडा, मूठभर. मग साबण.
नीळ दोन थेंब, हात आखडून,
नाहीतर पेशंट आधी तुम्हालाच सलाइन लावंल.’
सगळं तिनं स्वतःच्या एप्रनवर दाखवलं.
आमच्या एकाही कपड्याला हात लावला नाही.
आम्हीही पुढं केला नाही.

आता पहाटे नळावर अकरा बादल्या असतात,
पाण्यावरून भांडणंही होतात,
सोड्याची पुडी वर्गणीतून येते, रुपया-दोन रुपये.
कॉलर पांढरी नाही झाली.
पण सिस्टर परवा माझ्यापुढून
न थांबता गेल्या.

विसावी तक्रार मी लिहिलीय:
टोकनचे पैसे परत मिळावेत. सही, ४७ ब.
पाहिले.

आणि माझी निळी चादर,
गेल्या मंगळवारी टाकलेली,
अजून मशिनीतच आहे. दार उघडत नाही.
काचेतून दिसते, ओली, मुटकुळं करून बसलेली.
सात मिनिटं बाकी आहेत.