हुरमुंज

हौशाचं शिंग आलं तेव्हा बादलीत मावेना.
वडणग्याचे दौलू इंगवले मोटरसायकलवर मागं बसून
बादली मांडीत धरून आलेले, झाकणाला टॉवेल.
"परत येतंय का, तेवढं सांगा," म्हणाले,
आणि रिकामी बादली न्यायची म्हणून थांबले.

एका तुकड्यात तीन गावं.
वर शिंग, आत हाड,
हाडाच्या पोकळीत ते,
करडं, मऊ, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखं.
पातं मात्र एकच.
मऊला जपावं तर शिंगावर बोथटतं,
शिंगाला भिडावं तर मऊच्या चिंध्या.

हाडाला फॉर्मिक आम्ल. सतरा दिवस.
रोज सकाळी आम्ल बदलायचं, टाचणी टोचायची.
कर्र वाजलं की समजायचं, चुना आहे अजून.
सतराव्या दिवशी टाचणी आत गेली
खरवसात जावी तशी, मुकाट.

शिंग आम्लाला भीक घालत नाही.
शिकलगार मामूंनी चिठ्ठी दिली :
केस काढायचं मलम, मोठी ट्यूब.
महाद्वार रोडला दुकानदारानं विचारलं,
नाजूक त्वचेसाठी का?
म्हटलं, बैलासाठी.
हसला नाही. बिल केलं.

मलम ठोकळ्याच्या तोंडाला फासायचं,
अर्ध्या तासानं धुऊन बर्फावर पालथा.
मामूंचे आजोबा गावोगाव विळे-कोयते परजत फिरायचे.
आता पाती पाकिटातून येतात, वापरून टाकायची.
तरी मामू प्रत्येक नवं पातं
अंगठ्याच्या नखाला टेकवून बघतात.
नख पण शिंगच की गं.

पहिला काप चुरगळला.
दुसरा उभा चिरत गेला, तिसरा उडाला, तो सापडलाच नाही.
अकराव्याला मामू म्हणाले,
श्वास सोड पोरी. तू धरतीस, मग पातं पण धरतं.

चौदावा कोमट पाण्यावर उतरला
आणि हळूहळू अंग पसरलं त्यानं.
खालून काच नेली. काचेला आधीच
अंड्याचा पांढरा, ग्लिसरीन, कापराचा खडा,
नाहीतर रंगवताना शिंग सुटतं
आणि बशीत तरंगत बसतं आपल्याकडं बघत.

निळा. धुणं. गुलाबी.

त्या पेशी सगळं विसरल्या होत्या,
रांग, शेजार, थांबणं.
शिंग करणं तेवढं विसरल्या नव्हत्या.
जागोजागी गोल बसून
शिंगाचे बारीक मोती वळत होत्या,
कुणाच्या डोक्यावर नाही, कुणाला मारायला नाही.
मुळाकडच्या दोन बाजू मोकळ्या दिसल्या.
तिसरीवर मी तीनदा जाऊन आले.

मग बाहेरच्या कडेला एक तांबडी रेघ.
मी लावलेली नव्हती.

बेंदराची हुरमुंज.
ऑइलपेंट झायलीनमध्ये गेला असणार,
निळा, सोनेरी, त्या त्या साली दुकानात असेल तो.
माती कशात विरघळणार?
थर मोजले, नऊ. बोट हललं.
परत मोजले तर आठ.

रिपोर्टात याला रकाना नाही.
मॅडमनी सही केली, तिसऱ्या बाजूबद्दल दोन ओळी लिहिल्या.
त्या इंगवल्यांना कशा सांगायच्या, ते मॅडमनीच बघितलं.
मी जिन्यात गाठून रंगाचं सांगितलं.
ते उभ्या उभ्या बोटांवर मोजत राहिले.
"आठच असतील. एका बेंदराला मी दवाखान्यात होतो.
पोरानं नुसतं पाणी मारलं असंल."
मग टॉवेल खांद्यावर टाकून,
"एका शिंगाचा बरा दिसत नाही ओ तो.
औंदा त्या एकालाच लावायचं."

वर आले तर मामू कपाटात डोकं घालून.
उद्या कागलहून घोड्याचा डोळा येतोय,
त्याचा पडदा नुसत्या नजरेनंही सुटतो म्हणाले,
आणि अंडी संपलीत.
येताना दोन घेऊन ये.
गावठी नको, त्यांचा पांढरा पुरत नाही.