ड्युटी चार्ट

सगळा वॉर्ड मला सिस्टर म्हणतो.
त्यातल्या दोघांचंच खरं.

विष्णू ईसीजी काढतो, गुणाजी स्ट्रेचर ओढतो
आणि वेंगुर्ल्याच्या या बारा खाटांत
चार वर्षं झाली, दोघं बोलत नाहीत.
कारण विचाराल तर गडगा.
चिरे कुणी सरकवले, की पावसात आपोआप सरले,
माडांच्या बाजूने दीड हात,
हे कुडाळच्या कोर्टात अजून ठरायचंय.
माझी सही त्यांनी आधीच घेतलीय, हक्कसोडपत्रावर.
तेवढ्यापुरतं दोघांचं एकमत होतं.

"ताई, तेका सांग, बाटली वर धर."
"ताई, तेका सांग, माका दिसता."
मधे मी, हातात ट्रे.
पेशंट उशीवरून आमच्याकडे बघतो,
डावीकडे, उजवीकडे,
बॅडमिंटन बघावं तसा.

मी त्यांना वेगळ्या पाळ्या लावायची.
जानेवारीत मात्र माणसंच नव्हती.
पहाटे पावणेचारला उभादांड्याचे रेडकर आजोबा आले,
रापणीवर कोसळलेले.
पायांना ओली वाळू. हातात दोर नव्हता,
मूठ तशीच होती.
डॉक्टर नांदेडचा, पोरगेला, बॉन्डवरचा.
"दाबा," म्हणाला.

विष्णू जवळ होता. त्याने तळहात रोवले
आणि पहिल्या दाबाला त्याच्या तोंडून निघालं,
"लाभ."

एक नाही. लाभ.
बाबा नारळ मोजायचे तसं.
पडवीत ढीग, कंदील, आणि पहिला नारळ
आमच्याकडे कधीच 'एक' नसायचा.
हे दोघं आळीपाळीने आकडे म्हणत रचायचे,
मी सोडणं वेचायची.

"दोन." गुणाजी. पलीकडून, मान खाली.
"तीन."
"चार."
तिसाला हात बदलले, कुणी सांगितलं नाही.
मी पिशवी दाबली, दोन श्वास,
आणि आता गुणाजीच्या हाताखाली
पुन्हा लाभ.
"लाभ म्हणजे?" डॉक्टरने विचारलं.
सांगायला कुणाचंच तोंड रिकामं नव्हतं.

कितव्या ढिगाला कोण जाणे,
म्हाताऱ्याची मूठ सुटली, बोटं हलली.
उजाडता बांबोळीला पाठवला.
पुढचं मला माहीत नाही.

मला वाटलं होतं, सकाळी काहीतरी होईल.
विष्णूने हात धुतले, बेसिनवर घड्याळ विसरला.
गुणाजीने ते उचललं, शर्टाला पुसलं,
माझ्या टेबलावर ठेवलं.
"तेका सांग, घड्याळ ऱ्हवला."
सांगितलं.

गुरुवारी तारीख आहे.
दोघांनी त्याच दिवसाची रजा मागितलीय,
दोन कागदांवर, एकाच पेनाने,
माझ्याच टेबलावरच्या.
दोन्ही अर्ज पुढे पाठवले.

मग पुढच्या महिन्याचा चार्ट घेतला.
रात्रपाळीच्या रकान्यात दोघांची नावं
एकाखाली एक, आधी पेन्सिलीने लिहिली.
चहा संपेपर्यंत बघत बसले.
मग वरून पेन फिरवलं.