साकळायची वेळ

मनगटाच्या पट्टीवर नाव नाही, ‘शम्साचं बाळ’ एवढंच.
दिवस एकोणीस. वजन दोन किलो नऊशे.
अंगातलं सगळं रक्त काढलं तर चहाचे दोन कप,
बशीत एक थेंबही न सांडता.

माझ्या यंत्राच्या नळ्या भरायलाच त्याहून जास्त लागतं.
म्हणून आधी परक्याचं रक्त फिरवून ठेवते मी.
कुणाचं, ते पिशवीवर नसतं.
रक्तपेढीत शुक्रवारी येतात
टॅक्सीवाले, परातीवर काम करणारे,
एखादा शाळामास्तर बाही गुंडाळत.
त्यांतलं कुणीतरी आज
सूरच्या एका होडीवाल्याच्या नातवात शिरणार.

काल डॉक्टर अल-रवाहींनी बापाला सांगितलं,
हेपरिन डुकराच्या आतड्यातून काढतात.
खल्फान दाराच्या कडेवरून बोट फिरवत राहिला.
मग म्हणाला, जिवासाठी मुभा आहे. सही कुठे?
उतारा मात्र माशाचा, हे ऐकून जरा हसला.
नर माशाच्या बीजातला.
मी श्रीवर्धनची, गाबोळीच तेवढी ओळखायची;
नराचंही काही कामाचं असतं
हे मस्कतला येऊन कळलं.

हेपरिन दिलं.
आता आकडा. चारशे ऐंशी सेकंद तरी
रक्तानं आपली सवय विसरायला हवी.
चारशे दहा.
अजून थोडं द्या.
पाचशे बावीस.
चला.

हृदय थांबलं. पडद्यावरची रेघ आडवी झाली.
खोलीत फक्त माझा रोलर, घर्र घर्र,
आणि लिजी सिस्टर, टाके मोजत.
बाळाला थंड केलंय, अठ्ठावीसपर्यंत.
कुठे गुठळी नको,
तांदळाच्या कणीएवढीही नको.
मेंदूपर्यंत जायला तिला एक ठोका पुरतो
आणि आत्ता ठोका माझ्याकडे आहे.

दोन तास पन्नास मिनिटं
मी एकाच गोष्टीला येऊ दिलं नाही.

मग ऊब. मग हृदय, आधी अडखळत,
मग कुणी हाक मारल्यासारखं.
यंत्रावरून सुटलं. प्रोटामीन, हळू, हळू.
सक्शन बंद.
आकडा एकशे अठ्ठावीसवर आला,
अगदी पुस्तकात असतो तसा.
आकडा परतला. रक्त परतलं नाही.

सुईच्या एकेका भोकातून झिरपतंय.
पांढरी घडी ठेवली की लाल,
नवी ठेवली की लाल.
परक्या रक्तानं पातळ झालेलं,
नळ्यांत घासून दमलेलं,
आणि मुळात एकोणीस दिवसांचं:
जमायचं कसं, हे ते अजून शिकतंच होतं.
प्लेटलेट आल्या. क्रायो कोमट पाण्यात वितळतोय.
‘किती वेळ?’ अल-रवाही.
‘बारा मिनिटं.’
ते बोटानं दाबून उभे राहिले. बारा मिनिटं माणूस
एक बोट धरून उभा राहू शकतो, मोठ्या डॉक्टरलाही
दुसरं काही सुचत नाही कधीकधी.

आणि मी, जिनं सकाळपासून त्याला हद्दपार केलं,
आता त्याचीच वाट बघत,
ये रे बाबा. ये. जरासा ये.
फार नको.

एक पंचावन्नला लिजी म्हणाली, ‘हे बघा.’
छातीच्या कडेला काहीतरी काळसर,
मसुराच्या डाळीएवढं,
हलत नव्हतं.
कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.
अल-रवाहींनी बोट उचललं, बघितलं,
परत ठेवलं, परत उचललं.

छाती आज उघडीच ठेवलीय, वर पातळ पडदा.
रात्र कशी जाते बघायचं.
बाहेर खल्फान खुर्चीत, चपला काढून.
मी त्याला अरबीत सांगितलं, थांबलंय.
तो म्हणाला, हृदय?
नाही नाही, रक्त. वाहायचं.
माझी अरबी तेवढीच.

घरी एसीत दही लागत नाही,
म्हणून डबा टॉवेलात गुंडाळून राउटरवर ठेवते.
पहाटे विरजण लावून गेले होते.
रात्री नऊला उघडलं: घट्ट,
वर पाणी सुटलेलं,
आंबट झालेलं, वेळ टळून गेलेली.
उभ्यानंच खाल्लं,
चमचा न शोधता.