नदी संपते तिथला लेखनिक

माझ्या गावच्या नदीला समुद्र ठाऊक नाही.
दक्षिणेच्या बर्फातून निघते, थोडे दिवस धावते,
आणि आमच्या शेवटच्या जर्दाळूपाशी
वाळूत डोकं खुपसून निजते.
तिच्या उशाशी मी. सुनंत, चडोतचा लेखनिक.
लाकडाची फळी तासतो, दोरीचे तीन वेढे देतो,
वर ओल्या मातीचा ठसा उमटवतो.
कुणाचे उंट किती, तूप किती,
कुणाचा करार कुणाच्या जिवावर.

काल पूर्वेकडून फान वेई आला.
रेशमाचे एकेचाळीस ताके, म्हणाला. मी मोजले चाळीस.
‘एक विहिरीपाशी गेला. पाणी फुकट नव्हतं.’
मी तसंच लिहिलं.
या वाटेवर ह्याला तूट म्हणत नाहीत.

रात्री चुलीशी पश्चिमेचा भद्दिलही होता,
मिरी नि पोवळं विकणारा,
उजव्या हाताची दोन बोटं
खिंडीतल्या थंडीला देऊन आलेला.
मी एकाचं बोलणं दुसऱ्याला सांगत बसलो.

फान वेई सांगत होता:
आमची नदी पिवळी. एवढा गाळ आणते
की तिचा तळ घरांच्या छपरांहून वर चढतो.
बांध फुटला की एका रात्रीत
शंभर गावांनी टोपल्या घेऊन यायचं.
मग कुणीतरी हाक मारायला हवं,
कुणीतरी नावं टिपायला हवं.
माझ्या पणजोबाचं नाव
आधी टोपल्यांच्या यादीत आलं, वंशावळीत नंतर.

भद्दिल हसला.
आमच्याकडे डोंगर आहे, पण त्याला फटी आहेत.
फटीतून घोडे येतात. पहिली पिढी लुटायला,
दुसरी सोयरीक जुळवायला,
तिसरी आमच्याच देवळात घंटा बांधते.
खाली दक्षिणेला म्हणे वाराच सावकार:
काही महिने गलबतं नेतो, काही महिने आणतो.
तो फिरेपर्यंत माणसं परक्या बंदरात अडकतात,
घर करतात, मुलांना दोन भाषांत झोपवतात.
आम्हाला एक राजा कशाला पुरेल?
आम्हाला देवही पुरत नाहीत.

त्सिनये द्राक्षांची दारू ओतत होती.
ती म्हणाली,
तुमच्या नद्या समुद्राला मिळतात
म्हणून तुम्हाला एवढं बोलता येतं.

हे मात्र मी दोघांनाही सांगितलं नाही.
आणखीही काही सांगितलं नाही कधी.
फान वेईला वाटतं, मिरी आमच्या वाळवंटामागेच पिकते.
भद्दिलला वाटतं, रेशीम झाडांच्या पानांवरून
विंचरून काढतात, पहाटे, कुमारिका.
दोघांनी एकमेकांचं अंगण पाहिलं तर
आमच्या खळ्यात उंट कशाला बसेल?
आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार,
पण आमचा आड म्हणजे
या दोघांना माहीत नसलेलं सगळं.
मी त्याच पाण्यावर चार मुलं वाढवली.

सकाळी दोघे निघाले. निघताना
भद्दिलने एक ताका उलगडून पाहिला,
त्याच्या उरलेल्या तीन बोटांना रेशीम अडकलं,
जाड कातडीला अडकतं तसं.
त्यानं ते अलगद सोडवलं. घासाघीस केली नाही.
फान वेईनं मिरीचा एक दाणा चावला, डोळ्यांत पाणी आलं,
आणि त्यानं आईचं नाव घेतलं.
यातलं काही फळीवर मावत नाही.

मग मी जर्दाळूपाशी गेलो.
तिथं माझ्या बापानं रोवलेली काठी आहे,
पाण्याच्या खुणा कोरलेली.
त्याच्या वेळी नववी खूण भिजायची. यंदा सहावी.
करांच्या यादीत याला रकाना नाही.
कुणाला कळवायचं? पूर्वेला? पश्चिमेला?
त्यांना वाटतं, आम्ही वाटेतलं एक गाव.
पण पाणी आहे तोवरच ही वाट आहे.

फळीवर चार बोटं जागा उरली होती.
मी रेशमाचा भाव लिहिला,
मिरीचा भाव लिहिला,
मग फळी उलटी केली
आणि कुणी वाचणार नाही अशा बाजूला
चाकूनं सहा रेघा ओढल्या.
त्सिनयेनं विचारलं, हे काय?
म्हटलं, उंट मोजतोय.